दुरुस्ती कुणाच्या मर्जीवर?

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, भारतात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजण्याच्या सुमारास, मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या विंडोज या संगणकप्रणालीतील दोषांवरच्या दुरुस्त्या जगभर खुल्या करते. बुधवारी सकाळी तहसील कचेरीतला, बँकेच्या शाखेतला किंवा जिल्हा रुग्णालयातला कर्मचारी संगणक सुरू करतो तेव्हा पडद्यावर अपडेटची सूचना झळकते. टेबलासमोर रांग लागलेली असते. सूचना बाजूला सारून तो कामाला लागतो. ही घटना इतकी क्षुल्लक वाटते की तीत धोरणाचा, हक्काचा किंवा सत्तेचा काही प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही सहसा कुणाला येत नाही. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत सामान्य माणसाचे असंख्य व्यवहार आज अशा दुरुस्त्यांच्या आधारावर चालतात. आणि ही दुरुस्ती कोणाला, किती काळ व कोणत्या किमतीला मिळावी हे ठरवण्याचा अधिकार जवळजवळ संपूर्णपणे विक्रेत्याच्या हाती आहे.

'अपडेट' या शब्दानेच या बाबतीत पहिला घोटाळा केला आहे. या शब्दातून असे सूचित होते की कंपनी ग्राहकाला काही नवे, काही जादा देत आहे. सुरक्षा-अपडेट तसे नसते. माल विकला त्या दिवशीच त्यात असलेला, पण त्या वेळी कोणाच्या लक्षात न आलेला दोष नंतर उघडकीस येतो आणि त्यावर ठिगळ लावले जाते, एवढाच त्याचा अर्थ. कोट्यवधी ओळींच्या आज्ञावलीत चुका राहणार, हे मान्य केलेच पाहिजे. त्याबद्दल कोणाला गुन्हेगार ठरवण्याचे कारण नाही. परंतु मोटारीचा ब्रेक सदोष निघाला तर कारखानदाराने ती परत बोलावून दुरुस्त करून द्यावी, हे तत्त्व २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या सुधारणेने या देशातही स्वीकारले गेले आहे. संगणकाच्या आज्ञावलीला मात्र हे तत्त्व लागू नाही. तिच्या परवान्याच्या करारात नुकसानीची जबाबदारी विक्रेता शक्य तितकी नाकारतो, आणि ग्राहक तो करार न वाचताच 'मान्य' म्हणून मोकळा होतो.

मंगळवारची ही प्रथा ऑक्टोबर २००३ मध्ये रूढ झाली. तिच्यामागचा अनुभव कडवट होता. त्या वर्षी १६ जुलैला विंडोजमधील एका दोषावरची दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती. तरीही ११ ऑगस्टला 'ब्लास्टर' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम त्याच दोषातून शिरून लाखो संगणकांत पसरला. तोपर्यंत दुरुस्त्या केव्हाही येत. कार्यालयांना त्यांची आधी कल्पना नसे, त्यामुळे त्या तपासून बसवण्यासाठी माणसे मोकळी ठेवता येत नसत. ठरलेला वार आल्यामुळे या कामाला शिस्त आली, हे निर्विवाद. कालव्याच्या पाण्याची पाळी ठाऊक असली म्हणजे शेतकरी दारे धरण्याची तयारी आधी करतो, त्यातलाच हा प्रकार. तथापि या शिस्तीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुनी आणि नवी आज्ञावली ताडून पाहून भोक नेमके कुठे होते हे जाणकार हल्लेखोरालाही शोधता येते. म्हणजे ज्याने दुरुस्ती बसवली तो सुरक्षित होतो, आणि ज्याने बसवली नाही तो पूर्वीपेक्षा अधिक उघडा पडतो. दिरंगाईची किंमत मंगळवारनंतर दिवसागणिक वाढत जाते.

ही किंमत कोण मोजतो याचा दाखला २०१७ साली ब्रिटनमध्ये मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विंडोजमधील एक गंभीर दोष हेरगिरीसाठी स्वतःपाशी राखून ठेवला होता. त्याचा फायदा उठवणारे तिचे साधन चोरीस गेले आणि एप्रिलमध्ये जगजाहीर झाले. दोषावरची दुरुस्ती १४ मार्चलाच प्रसिद्ध झाली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच वाटेने शिरला आणि दीडशेहून अधिक देशांत पसरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ ट्रस्टांपैकी ८१ ट्रस्टांना त्याची झळ पोहोचली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नोंदवलेल्या अंदाजानुसार रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक नियोजित भेटी रद्द झाल्या, आणि पाच भागांतील रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागले.

या प्रसंगात दोन वेगवेगळे अपराध एकत्र आले होते. बाधित झालेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ वर चालणारे होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती फुकट उपलब्ध होती. ती बसवली गेली नाही, हा प्रशासनाचा अपराध. दुसरा अपराध जुन्या विंडोज एक्सपीच्या बाबतीत घडला. एक्सपीची सर्वसामान्य दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्येच थांबवण्यात आली होती. ती चालू राहावी म्हणून ब्रिटिश सरकारने सार्वजनिक खात्यांसाठी एका वर्षाचे सुमारे ५५ लाख पौंड मोजले आणि पुढच्या वर्षी तो करार सोडून दिला. स्वतंत्रपणे पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी एक्सपीवरच्या दुरुस्त्या त्यानंतरही तयार होतच होत्या. वॉनाक्रायला कारण झालेल्या दोषावरचे ठिगळ सर्वांना विनामूल्य मिळाले ते रुग्णालये ठप्प झाल्यावर. औषध कपाटात होते. किल्ली बाजारभावाने मिळत होती. रुग्णाची यात काय चूक होती?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा बाह्य परिणामांचा प्रश्न आहे. एखाद्या व्यवहाराचा भार व्यवहाराबाहेरच्या माणसावर पडतो, तेव्हा बाजारातली किंमत समाजाचा खरा खर्च दाखवीत नाही. संसर्गजन्य रोगात हे सर्वांना पटते. देवीची लस टोचून घेणारा माणूस स्वतःबरोबर शेजाऱ्याचेही रक्षण करतो. म्हणूनच ती लस ज्याला परवडेल त्याने विकत घ्यावी असे सरकारने म्हटले नाही. ती घरोघर, विनामूल्य टोचली गेली आणि १९७५ नंतर या देशात देवीचा रोग उरला नाही. संगणकांचे जाळे असेच संसर्गाचे क्षेत्र आहे. एका कार्यालयातला एक दुरुस्त न केलेला संगणक शेजारच्या दुरुस्त केलेल्या संगणकांनाही धोक्यात आणतो.

हा शेवटचा मुद्दा तर्काचा नाही, अनुभवाचा आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम सोडण्यात आला. मार्चमध्ये ज्यावर दुरुस्ती आली होती तेच भोक त्याने वापरले. शिवाय एका संगणकात शिरल्यावर तेथील परवलीचे शब्द चोरून तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही घुसला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला या एका फटक्यात २५ ते ३० कोटी डॉलरांचे नुकसान सोसावे लागले. त्याची झळ थेट महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आली. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे संगणकीकृत काम कोलमडले आणि कंटेनरांची कामे हाताने उरकण्याची वेळ आली. कीव्हमधल्या हिशेबनिसाच्या टेबलावरून निघालेले संकट उरणच्या धक्क्यावर पोहोचते, तेव्हा 'ज्याचा संगणक त्याची जबाबदारी' हे सूत्र किती तोकडे आहे ते ध्यानात येते.

या पार्श्वभूमीवर विंडोज १० चा प्रश्न पाहावा लागतो. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेल्या या प्रणालीची सर्वसाधारण विनामूल्य दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आली. त्यापुढे दुरुस्ती हवी असणाऱ्यांसाठी कंपनीने जे दर जाहीर केले ते अभ्यासण्यासारखे आहेत. व्यापारी व इतर संस्थांना पहिल्या वर्षी एका संगणकामागे ६१ डॉलर, आणि पुढील दोन वर्षे दरवर्षी दुप्पट. म्हणजे तीन वर्षांचे एकूण ४२७ डॉलर. घरगुती ग्राहकाला एका वर्षासाठी ३० डॉलर, किंवा त्याने आपल्या संगणकाच्या मांडणीची नोंद कंपनीच्या खात्यात साठवण्यास मान्यता दिली तर फुकट. शिक्षणसंस्थांना पहिल्या वर्षी केवळ १ डॉलर. आणि ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना ती अट न घालताही विनामूल्य.

एकाच प्रणालीचे सुरक्षेचे ठिगळ ६१ डॉलरला, ३० डॉलरला, १ डॉलरला आणि शून्याला! दुरुस्ती एकदा तयार झाली की ती आणखी एका संगणकाला पुरवण्याचा खर्च नगण्य असतो. तेव्हा या चार किमतींचा उत्पादनखर्चाशी संबंध नाही. कोणाकडून किती वसूल होऊ शकते, एवढाच हिशेब त्यांच्यामागे आहे. मक्तेदार एकाच मालाला गिऱ्हाईक पाहून भाव लावतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधूनही मिळणार नाही. ज्या ग्राहकांच्या मागे संघटना आणि कायदा उभा होता त्यांना सवलत मिळाली. भारतीय ग्राहकाच्या मागे त्या वेळी कोणी उभे नव्हते.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे विंडोज ११ घ्यावे. पण त्यासाठी संगणकात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर असण्याची अट आहे. ती पूर्ण न करणारे, एरवी ठणठणीत चालणारे संगणक एका तारखेला निकामी ठरतात. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तवला होता की या निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. श्रीमंत देशांत ही बाब खर्चाची आहे. गरीब देशांत ती आरोग्याचीही आहे. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातांनी संगणक फोडून, तारा जाळून तांबे काढणारे मजूर कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाहीत.

आक्षेप असा घेतला जाईल की कोणत्याही कारखानदाराने आपल्या जुन्या मालाची अनंत काळ निगा राखावी ही अपेक्षा अवाजवी आहे. आक्षेपात तथ्य आहे. दुरुस्तीला कुशल श्रम लागतात आणि श्रमाला मोबदला हवा. दहा वर्षे हा काळही अल्प नाही. मोबाइल फोनच्या बाजारात तर खरेदीनंतर काही वर्षांतच सुरक्षा-दुरुस्ती बंद होण्याचे प्रकार सर्रास घडत आले आहेत. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष निराळा आहे. काळाची मर्यादा असावी; ती विक्रीच्या वेळी ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगितलेली असावी; तिची किमान लांबी कायद्याने ठरलेली असावी; आणि ती संपल्यावर कंपनीला दुरुस्ती करायची नसेल तर इतरांना ती करता यावी. आज यांतली शेवटची वाट संपूर्ण बंद आहे. आज्ञावली गुप्त ठेवायची आणि दुरुस्तीही थांबवायची, असा दुहेरी अधिकार मालकाला असावा काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्नाची दुसरी बाजू दुरुस्ती बसवणाऱ्या माणसाची आहे, आणि तिच्याकडे पुरोगामी मंडळींचेही दुर्लक्ष झाले आहे. दुरुस्ती आली की डोळे मिटून ती सर्वत्र बसवावी, इतके हे काम सोपे नसते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी बंद पडले. रुग्णालये, बँका, विमानसेवा अडकल्या. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. म्हणजे रक्षकाच्याच हातून घाव बसला. यावरून काही जण अपडेट न घेणेच बरे असा सोयीस्कर अर्थ काढतात. लसीने कोणाला ताप आला म्हणून लसीकरणच बंद करावे असे म्हणण्यासारखे हे आहे. बोध असा की दुरुस्ती आधी थोड्या संगणकांवर तपासावी, मग टप्प्याटप्प्याने सर्वत्र बसवावी, आणि काही बिघडलेच तर मागे फिरण्याची सोय ठेवावी. या सर्वांसाठी प्रशिक्षित, कायम नोकरीतला, निर्णयाचा अधिकार असलेला माणूस लागतो.

असा माणूस सार्वजनिक यंत्रणेत आहे कोठे? महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचे संगणक सांभाळणारे संगणक परिचालक वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीने, तुटपुंज्या मानधनावर राबले. हक्काच्या वेतनासाठी त्यांना मुंबईच्या आझाद मैदानात पुनःपुन्हा यावे लागले. ज्याचे मानधन वेळेवर मिळत नाही त्याने दर दुसऱ्या बुधवारी निष्ठेने दुरुस्त्या तपासाव्यात, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सहकारी चळवळीच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण खरेदी एकदा होते आणि निगा दर महिन्याला लागते. वही भिजली तर एका गावाचा हिशेब जातो. एकाच जाळ्यात गुंफलेल्या संस्थांतला एक बेवारस संगणक शेकडो गावांच्या कर्जखात्यांना धोका देऊ शकतो. यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो निघतो, निगेचा निघत नाही. सार्वजनिक अंदाजपत्रकांची ही जुनी खोड धरणांच्या कालव्यांनी आणि सरकारी दवाखान्यांनी पुरेपूर भोगली आहे. संगणकाच्या वाट्याला तरी ती येऊ नये.

सक्तीने सुधारणा होते, हे या देशातही दिसून आले आहे. एक्सपीची दुरुस्ती थांबून चार वर्षे लोटली तरी देशातील अनेक एटीएम यंत्रे जुन्याच प्रणालीवर चालत होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे आखून दिले आणि दुरुस्ती बंद झालेल्या प्रणालींवरील सर्व एटीएम जून २०१९ पर्यंत बदलण्याचा आदेश काढला. जेथे लोकांच्या ठेवींचा प्रश्न होता तेथे नियामक संस्था तारखा घालून देऊ शकली. मग रुग्णालयांच्या, शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या संगणकांसाठी अशा तारखा का नसाव्यात? सर्ट-इन ही केंद्रीय यंत्रणा दोषांविषयीच्या सूचना नियमाने प्रसिद्ध करते. सूचना मिळाल्यावर ती अमलात आली की नाही, हे पाहणाराही कोणी असावा लागतो.

विक्रेत्यावर बंधन घालण्याचा मार्ग युरोपने दाखवला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या तेथील सायबर-सुरक्षा कायद्यानुसार डिजिटल वस्तूंच्या उत्पादकाला सामान्यतः किमान पाच वर्षे सुरक्षेचे दोष दूर करावे लागतील, आणि त्या दुरुस्त्या विनामूल्य द्याव्या लागतील. यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याची तरतूद आहे. भारताची बाजारपेठ लहान नाही. युरोपात जे बंधन कंपन्या स्वीकारतात ते येथे स्वीकारणे त्यांना अशक्य होईल, असे मानण्याचे काही कारण नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचा पर्यायही याच संदर्भात विचारात घ्यावा लागतो. लिनक्ससारख्या प्रणालींची आज्ञावली सर्वांना खुली असते. एका कंपनीने हात वर केले तरी दुसऱ्या कोणाला दुरुस्ती करता येते. केरळने आपल्या शाळांतून या मार्गाचा यशस्वी अवलंब केला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' ही भारतीय प्रणाली घडवली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. पण मुक्त म्हणजे श्रमाविना, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या 'एक्सझेड' प्रकरणाने हे दाखवून दिले. जगभर वापरल्या जाणाऱ्या या छोट्या आज्ञावलीचा भार एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. मदतनीस म्हणून दोनेक वर्षे विश्वास संपादन करणाऱ्या कोणीतरी तीत चोरदरवाजा बसवला. संगणकाला लागणारा अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ एका दक्ष अभियंत्याला खटकला म्हणून अनर्थ टळला. समाईक विहिरीचे पाणी सगळ्यांनी प्यावे आणि गाळ एकट्याने काढावा, हा न्याय नव्हे. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत आज्ञावलींच्या निगेसाठी सरकारी निधी सुरू केला. भारतातील सार्वजनिक संस्था ज्या मुक्त आज्ञावलींवर चालतात त्यांच्या निगेला या देशाच्या तिजोरीतूनही वाटा मिळाला पाहिजे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. सुरक्षा-दुरुस्ती हा विकत घ्यावयाचा जादा माल नसून विक्रेत्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे संसदेने ठरवावे आणि त्याची किमान मुदत निश्चित करावी. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक संगणक-खरेदीत यंत्राच्या संपूर्ण आयुष्याच्या दुरुस्तीची हमी ही अट असावी. मुदत संपल्यावर आज्ञावली खुली करण्याचे किंवा विश्वस्त संस्थेकडे सोपवण्याचे बंधनही तीत असावे. निगेचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. आणि हे काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करून प्रशिक्षण द्यावे. कामगार संघटना, ग्राहक चळवळ आणि सहकारी संस्था यांनी हा प्रश्न तज्ज्ञांचा म्हणून सोडून देता कामा नये. रेशन, पाणी आणि एस.टी. यांचे प्रश्नही केवळ तज्ज्ञांवर सोपवले असते, तर त्यांत लोकांचा शब्द कधीच उमटला नसता.

पुढच्या महिन्यातही दुसरा मंगळवार येईल. बुधवारी सकाळी तीच सूचना त्याच टेबलावरच्या पडद्यावर झळकेल आणि समोर तीच रांग उभी असेल. दुरुस्ती बसवायला त्या कर्मचाऱ्याला अर्धा तास मोकळा मिळतो की नाही, आणि त्याच्या संगणकासाठी दुरुस्ती मुळात उपलब्ध असते की नाही, यावर त्या रांगेतल्या माणसांचे बरेच काही अवलंबून आहे. त्यांना याची कल्पना नसली, तरी ज्यांना आहे त्यांनी गप्प बसण्याचे कारण नाही.